ज्याची मोजदाद नाही, त्याचा वाटा नाही

१५ जानेवारी २०२६ रोजी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महानगरपालिकांच्या निवडणुका पार पडल्या. गुलाल उधळला गेला, मिरवणुका निघाल्या, विजयी उमेदवारांच्या गळ्यांत हार पडले. परंतु या निवडणुका कोणत्या लोकसंख्येच्या हिशेबावर झाल्या, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कोणी विचारला नाही. कल्याण-डोंबिवलीच्या १२२ जागा आणि ठाण्याच्या १३१ जागा ज्या आकड्यांवर बेतल्या गेल्या, ते आकडे २०११ सालच्या शिरगणतीचे होते. त्या गणतीप्रमाणे कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या, पुढे २०१५ साली सामील झालेली २७ गावे धरून, सुमारे १५ लाख. त्यांत अनुसूचित जातींचे लोक सुमारे दीड लाख. म्हणून त्यांच्या वाट्याला १२ जागा. ठाण्यात याच हिशेबाने ९ जागा. २०११ साली जन्मलेले मूल आज दहावीच्या उंबरठ्यावर उभे आहे. पण सरकारच्या वहीत ते अजून पाळण्यातच आहे!

ठाणे जिल्ह्याची गोष्ट तर ध्यानी घेण्याजोगी आहे. २००१ साली या जिल्ह्यात ८१ लाख माणसे होती. २०११ साली ती १ कोटी १० लाखांवर गेली. साऱ्या देशात एवढ्या लोकवस्तीचा दुसरा जिल्हा त्या वर्षी नव्हता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. एका दशकात जेथे २९ लाखांची भर पडली, तेथे पुढील पंधरा वर्षांत किती पडली असेल? दिवा, कळवा, मुंब्रा, कोळसेवाडी, टिटवाळा या भागांत चाळींमागून चाळी उभ्या राहिल्या. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून पोटासाठी आलेली कुटुंबे तेथे राहिली, आणि त्यांत आपल्या बौद्ध कुटुंबांचा भरणा मोठा आहे. ती कुटुंबे पहाटेची लोकल पकडतात, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरतात, मतही देतात. परंतु नगरसेवकांच्या जागा वाटताना, नळांचा आणि दवाखान्यांचा हिशेब करताना ती जमेस धरली जात नाहीत. धान्याचीही तीच गत आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने महाराष्ट्राला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा घालून दिली. तीही २०११ च्याच आकड्यावरून. शिधापत्रिकेसाठी कचेरीत खेटे घालणाऱ्या भगिनीला “कोटा भरला आहे” असे उत्तर मिळते, त्याच्या मुळाशी हीच जुनी वही आहे.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. लोकशाहीत ज्याची मोजदाद होत नाही, त्याचा वाटा बुडतो. म्हणून मोजदाद करणारे खाते उपाशी ठेवणे, ते सत्ताधाऱ्यांच्या मुठीत ठेवणे, हा दुबळ्यांचा वाटा बुडविण्याचा एक सभ्य मार्ग आहे. श्रीमंतास आपली संपत्ती सिद्ध करावयास सातबारा आहे, बँकेचे पुस्तक आहे, वकील आहे. दरिद्री माणसाच्या बाजूने साक्ष देणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे सरकारी आकडा. त्या साक्षीदाराचे तोंड बंद झाले, की दरिद्री माणसाची फिर्याद निकालात निघाली.

आकडा दडपण्याची जुनी रीत

ही रीत आजची नाही. १९३२ साली लोथियन कमिटीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला, तेव्हा अस्पृश्यांची संख्या किती, यावरूनच वाद पेटविण्यात आला. अस्पृश्यांना राजकीय वाटा मिळणार असे दिसताच संयुक्त प्रांत आणि बंगाल येथील प्रांतिक कमिट्यांनी शिरगणतीतील कोटीच्या घरातील आकडा काही लाखांच्या आत आणून दाखविला. कालपर्यंत विहिरीवर, देवळात, शाळेत ज्यांचा विटाळ होत होता, ते कोट्यवधी लोक एका रात्रीत कोठे गेले? परमपूज्य बाबासाहेब त्या कमिटीचे सभासद होते. त्यांनी १ मे १९३२ रोजी आपली स्वतंत्र टिपणी जोडून या चलाखीचा समाचार घेतला.

पुढे स्वराज्य आले. १९५१ च्या शिरगणतीत जातींचे तक्ते गाळण्यात आले. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या भाषिक राज्यांवरील ग्रंथात बाबासाहेबांनी या निर्णयावर कठोर टीका केली. शब्दकोशातून शब्द काढून टाकला म्हणजे वस्तूही नाहीशी होते, असे समजणाऱ्या गृहखात्याच्या बुद्धीची त्यांनी कीव केली. जातिसंस्थेच्या उच्छेदासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, तेच जातीची आकडेवारी मागत होते. जखम किती खोल आहे हे मोजल्यावाचून औषध ठरत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ‘रुपयाचा प्रश्न’ आणि प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ लिहिणारा हा अर्थशास्त्रज्ञ आकड्यावाचून एक पाऊलही पुढे टाकीत नसे.

आणि आपला स्वतःचा अनुभव काय सांगतो? १९५१ साली महाराष्ट्राच्या भूमीत बौद्धांची नोंद अडीच हजारांच्या आत होती. १९५६ ची धम्मक्रांती झाली आणि १९६१ च्या शिरगणतीत ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. जगाला या धर्मांतराचे विराट स्वरूप कळले ते त्या आकड्याने. परंतु त्याच आकड्याची दुसरी बाजू कडू होती. धर्म बदलला म्हणून केंद्र सरकारने आपल्याला अनुसूचित जातींच्या यादीतून दूर केले होते. १९८१ साली महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा सात होते. १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा समावेश झाला, आणि १९९१ साली तेच प्रमाण शेकडा अकरावर गेले. दहा वर्षांत घराघरांत दीडपट मुले जन्मली काय? मुळीच नाही. माणसे तीच होती, वस्त्या त्याच होत्या. फक्त त्यांना मोजण्याचा नियम बदलला. तीस वर्षे जे लोक डोळ्यांसमोर असूनही या तक्त्याबाहेर होते, ते आत आले, आणि त्यांच्यामागून त्यांचे हक्क आले. मोजणीचा नियम आणि माणसाची भाकरी यांचा संबंध यापेक्षा उघड कोठे दिसणार?

कल्याण-डोंबिवलीची हरवलेली पाच वर्षे

कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. नवे नगरसेवक आले जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षांहून अधिक काळ पंधरा लाखांहून मोठ्या या शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. आरंभी महामारीचे निमित्त होते, प्रभागरचनेचे घोळही होते. पण या विलंबाचे एक मोठे कारण आकड्यांचा दुष्काळ हे होते.

४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास गवळी यांच्या खटल्यात निकाल दिला की, स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना जागा द्यावयाच्या तर त्यांच्या मागासलेपणाची आकडेवारी आधी गोळा करा. महाराष्ट्र शासनाने केंद्राकडे २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेची माहिती मागितली. केंद्राने न्यायालयात सांगितले की, ती माहिती सदोष आहे, देता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये शासनाची मागणी फेटाळली गेली. जवळजवळ पाच हजार कोटी रुपये खर्चून केलेली ही गणना! १९३१ च्या शिरगणतीत ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. या गणनेत त्यांची संख्या ४६ लाखांवर गेली. गणकांना जातींची अधिकृत यादी दिली नाही, पुरेसे शिक्षण दिले नाही. ज्याला जसे ऐकू आले तसे त्याने लिहिले. पैसा गेला, वेळ गेला आणि हाती धोंडा आला.

मग काय केले? माजी मुख्य सचिव, आणि २००१ च्या शिरगणतीचे आयुक्त राहिलेले जयंत बांठिया यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला. हाताशी ताजी गणती नाही, म्हणून मतदार याद्यांतील आडनावांचा आधार घेण्यात आला, आणि त्यावर इतर मागासवर्गीयांच्या पुढाऱ्यांनीच कडाडून टीका केली. ती टीका रास्त होती. जाधव, गायकवाड, मोरे, पवार ही आडनावे आमच्या वस्तीत आहेत, मराठ्यांत आहेत, इतर अनेक जातींत आहेत. आडनावावरून जात ओळखता आली असती, तर नवख्या माणसाला घर भाड्याने देताना “गाव कोणते, देव कोणता” अशा चौकशा करण्याची गरजच पडली नसती! एका मागास वर्गाचा आकडा नाही म्हणून साऱ्या शहराचे लोकराज्य थांबते, त्यात सगळेच दुबळे भरडले जातात. म्हणून इतर मागासवर्गीय बांधवांचे हे दुःख परके मानण्याचे कारण नाही.

साक्षीदाराला उपाशी ठेवणारे कोण?

या कामाची खाती दोन. शिरगणती गृहखात्याच्या हाताखालील महानिबंधक करतो. रोजगार, खर्च, दारिद्र्य यांच्या पाहण्या सांख्यिकी मंत्रालयाचे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, तेव्हा या गरीब देशाचे ते काम पाहून जगातील विद्वान चकित झाले होते. त्या वारशाची आज काय अवस्था आहे?

२०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सभासदांनी राजीनामे दिले. आयोगाने संमत केलेला बेकारीचा अहवाल शासन बाहेर येऊ देत नव्हते. शेकडा ६.१ बेकारी दाखविणारा तो अहवाल ३१ मे २०१९ रोजी, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकल्यावर, प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ च्या कुटुंब-खर्चाच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्धच करावयाचे नाहीत, असे शासनाने ठरविले. परिणामी २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ पर्यंत या देशातील गरीब काय खातो, किती खर्चतो, याचा अधिकृत आकडा नव्हता. रोग्याचा ताप वाढलेला दिसला म्हणून तापमापकच फोडून टाकणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणू?

हा आयोग रंगराजन समितीच्या शिफारशीवरून २००६ साली कामास लागला, तो केवळ शासनाच्या ठरावाने. त्याच्या पाठीशी कायद्याचे बळ उभे केले गेले नाही. ज्याचे अस्तित्वच सरकारच्या एका ठरावावर अवलंबून, तो सरकारला अप्रिय सत्य कितीदा ऐकवील? पैशाचीही तीच कथा. सांख्यिकी मंत्रालयाच्या अंदाजपत्रकाचा आकडा भला मोठा दिसतो. पण त्यात सर्वांत मोठा वाटा असतो खासदार निधीचा. दर खासदारास दर वर्षी पाच कोटी रुपये, हा खर्च या मंत्रालयाच्या नावे पडतो. आकडे गोळा करणाऱ्यांच्या पदरी उरते ते त्या मानाने थोडके. दारोदार फिरणारे पाहणीदार कित्येक ठिकाणी कंत्राटी. ज्याला पुढच्या वर्षी आपली भाकरी राहील की नाही याची शाश्वती नाही, त्याने चाळीच्या चौथ्या मजल्यावर तिसऱ्यांदा जाऊन बंद दार ठोठवावे, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करावी?

शिरगणतीचे तर सांगावयासच नको. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी गणती २०२१ साली प्रथमच चुकली. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मंत्रिमंडळाने तिच्यासाठी ८,७५४ कोटी रुपये मंजूर केले होते; २०२१-२२ च्या अंदाजपत्रकात ३,७६८ कोटींची तरतूदही होती. महामारीचे कारण २०२० साली खरे होते. परंतु त्याच काळात नेपाळने २०२१ साली आणि बांगलादेशाने २०२२ साली आपली माणसे मोजली. आपल्याकडे विधानसभांच्या निवडणुका झाल्या, २०२४ ची लोकसभा झाली; मतांची मोजणी कोठेही थांबली नाही, थांबली ती माणसांची. आणि १९४८ चा शिरगणती कायदा पाहावा, तर त्यात गणती दहा वर्षांनी झालीच पाहिजे असे कोठेही लिहिलेले नाही! गेल्या दीडशे वर्षांची ही प्रथा सरकारच्या मर्जीवर तगली, आणि मर्जी फिरताच मोडली.

यंत्र आले म्हणजे सुधारणा झाली काय?

आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस धरून गणती जाहीर झाली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तिच्यात सर्व जातींची नोंद करण्याचा निर्णय झाला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ११,७१८ कोटी रुपये मंजूर झाले. हा निर्णय उशिरा झाला तरी स्वागतार्ह आहे. रक्कम ऐकून काही मंडळी डोळे विस्फारतात. त्यांनी साधा भागाकार करावा. हा खर्च माणशी सुमारे ऐंशी रुपये पडतो, तोही दहा वर्षांतून एकदा. ठाण्याहून मुंबईस दोनचारदा जाण्यायेण्यास याहून अधिक खर्च येतो. चुकीच्या आकड्यावर दहा वर्षे योजना आखण्याचा खर्च मात्र कोणी मोजीत नाही.

या वेळी कागद नाही, मोबाइल असेल. कुटुंबाने स्वतः माहिती भरण्याचीही सोय असेल, असे सांगितले जाते. यंत्राशी आमचे वैर नाही. यंत्राने बेरीज लवकर होईल, निकाल लवकर लागेल, जातींच्या यादीतून नेमके नाव निवडता येईल, आणि ४६ लाख जातींचा तमाशा टळेल. बुद्धिवादाचा वारसा सांगणाऱ्या समाजाने शास्त्राला विरोध करण्याचे कारणच नाही. परंतु यंत्र दार ठोठावीत नाही. घरात एकच मोबाइल, तोही कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात. अशा घरातील म्हातारीची नोंद कोण करणार? नाक्यावर झोपणाऱ्या मजुराची, वीटभट्टीवरच्या कुटुंबाची, रात्रपाळीहून परतून दिवसा झोपलेल्या कामगाराची नोंद कोण करणार? ती करील पायी फिरणारा, प्रश्न नीट विचारणारा, उत्तर आहे तसे लिहिणारा शिकविलेला माणूस. आज हे काम बहुधा शाळेतील शिक्षकांवर लादले जाते, आणि तेवढे दिवस गरिबांच्या पोरांच्या वर्गावर कोणी नसते. खाते आधुनिक करावयाचे तर यंत्राबरोबर माणसे वाढविली पाहिजेत, त्यांना स्थैर्य दिले पाहिजे आणि त्यांच्या सत्याला कायद्याचे संरक्षण दिले पाहिजे. नुसते यंत्र घेऊन दिले आणि लगाम आपल्याच हाती ठेवला, तर खोटेपणा तेवढा अधिक वेगाने होईल.

रकान्यात काय लिहावयाचे?

नवदीक्षित कुटुंबांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. आम्ही हिंदू धर्म सोडला, जात सोडली; मग गणकाला जात कशासाठी सांगावयाची? ही भावना उदात्त आहे, परंतु तिचा लाभ दुसरेच उठवितात. रोग्याने वैद्याला व्याधीचे नाव सांगितले, म्हणजे त्याने व्याधी अंगीकारली असे होत नाही. जातीचा रकाना हा आपल्या अभिमानाचा रकाना नव्हे. समाजाने आपल्यावर केलेल्या अन्यायाची ती नोंद आहे.

२०११ साली महाराष्ट्रात बौद्धांची नोंद ६५ लाख ३१ हजार झाली. देशातील दर चार बौद्धांत तीन महाराष्ट्रातील. परंतु यांपैकी अनुसूचित जातींत धरले गेले ते सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांत काही कुटुंबे मुळातच त्या यादीबाहेरची असतील. पण जातीच्या जागीही ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ असे सांगणारी कुटुंबे अनुसूचित जातींच्या बेरजेतून गळतात, कारण त्या यादीत तशी जातच नाही. उलट सवलती जातील या भीतीने धर्माच्या रकान्यात ‘हिंदू’ लिहविणारेही आहेत. १९९० नंतर या भीतीला कायद्यात काडीचाही आधार उरलेला नाही. म्हणून धर्म विचारला की निःसंकोचपणे ‘बौद्ध’ सांगावे, आणि जात विचारली की आपल्या दाखल्यावरील अनुसूचित जातीचे नाव सांगावे. गणकाने काय लिहिले ते त्याच्याकडून वाचून घ्यावे. शिरगणती कायद्याप्रमाणे ही माहिती गोपनीय असते, ती कोणाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. तेव्हा भिण्याचे कारण नाही. प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी.

आमची मागणी

शासनाकडे आमची मागणी मोजकी आहे. दर दहा वर्षांनी शिरगणती सक्तीची करणारी तरतूद कायद्यात करा. सांख्यिकी आयोगाला कायद्याने जन्म द्या आणि त्याला थेट संसदेला उत्तरदायी करा. प्रत्येक पाहणीचा निकाल कोणत्या तारखेस लागणार ते आगाऊ जाहीर करा, आणि ती तारीख मंत्र्याच्या इच्छेने हलणार नाही अशी व्यवस्था करा. खासदार निधीचा फुगवटा बाजूला काढून आकडे गोळा करणाऱ्यांस स्वतंत्र आणि पुरेसा पैसा द्या. पाहणीदारांची पदे कायम करा. आणि जातनिहाय, धर्मनिहाय तक्ते प्रभागापर्यंत प्रसिद्ध करा. २०११ प्रमाणे ते कपाटात कुजवू नका.

आम्ही आमच्या सोयीचा आकडा मागत नाही. उद्या खरी मोजणी होऊन कल्याण-डोंबिवलीतील राखीव जागा बारांच्या अकरा झाल्या, तरी तो निकाल आम्ही मान्य करू. कारण सत्याच्या पायावर भांडता येते, अंदाजाच्या चिखलात भांडता येत नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे शिलालेख आहेत. कोणी व्यापारी, कोणी सोनार, कोणी लोहार. प्रत्येकाने आपले नाव, आपला धंदा आणि आपले गाव खडकावर कोरून ठेवले. संघाच्या त्या नोंदीत लोहारालाही जागा होती. त्याच कल्याणच्या कोळसेवाडीतील मजुराला भारतीय गणराज्याच्या वहीत जागा मिळू नये काय? ती जागा कोणी दान म्हणून देणार नाही; ती संविधानाच्या बळावर मागून आणि भांडूनच घ्यावी लागेल.

जय भीम!